चालू आहे, पपा!

मित्रांनो, रस्त्यात उभ्या असलेल्या मोठ्या गाडीच्या मागे कधी वाकून पाहिलंय का? पाहा एकदा. मागच्या चाकाशेजारी चिखलाने माखलेला एक लांबट लोखंडी डबा टांगलेला दिसेल. तोच मी. मी एक जुना सायलेन्सर आहे. माझ्या पोटावर वेल्डिंगची एक जाड, वाकडी रेघ आहे. ती कशी आली ते तुम्हांला सांगतो. पण सगळं मला नीट समजलंय असं मात्र मानू नका. बऱ्याच गोष्टींचा उलगडा मला आजही झालेला नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात पत्र्याचे पडदे बसवले, त्यांतून भोकं पाडलेल्या नळ्या ओवल्या आणि झाकण लावून मला बंद केलं. इंजिनातून धूर सुटतो तेव्हा तो एकटा येत नाही, सोबत मोठा गोंगाट घेऊन येतो. धुराला वाट द्यायची आणि गोंगाट पोटात जिरवायचा, एवढंच माझं काम. तपासणीच्या टेबलापाशी एका बाईंनी मला कान लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ किती गुणी! हूं की चूं करत नाही." ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक. गप्प राहणं हाच आपला गुण, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

मला एका पांढऱ्या एसयूव्हीखाली बसवलं आणि ती गाडी समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या डेन्झिलने घेतली. गाडीखाली राहणाऱ्याला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. पावलं दिसतात आणि पत्र्यातून बोलणं ऐकू येतं. मी त्या घराला तसंच ओळखू लागलो. डेन्झिलचे पांढरे बूट. त्याच्या आईच्या, कार्मिनबाईंच्या, सुक्या बोंबलाचा वास येणाऱ्या चपला. आणि वडील एरिकबाबा यांची रुंद, अनवाणी पावलं. ती टेकण्याआधी जमीन चाचपायची. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जन्मभर ते स्वतःच्या बोटीचे तांडेल होते, बोट त्यांच्या हुकमावर चालायची. आता बोट विकली होती आणि दारात कोण आलंय हेसुद्धा त्यांना आवाजावरून ओळखावं लागत होतं.

नवी गाडी आली तेव्हा फादरांनी येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. एक थेंब माझ्या तापलेल्या पाठीवर पडून चुर्र झाला. मग पहिल्या फेरीचा मान एरिकबाबांना दिला. ते पुढे बसले, कार्मिनबाई मागे.

"चालू कर ना रे, पोरा," एरिकबाबा म्हणाले.

"चालूच आहे, पपा."

"कुठं हाय? मला तर काय ऐकू येत न्हाय."

"अवो, महागाची गाडी हाय," कार्मिनबाई हसल्या. "तुमच्या बोटीसारखी गावाला उठवत न्हाय ती."

मला केवढा अभिमान वाटला! राई-मुर्ध्याची वळणं मागे टाकत आम्ही भाईंदरला आलो आणि एका सिग्नलला थांबलो. पेट्रोल वाचावं म्हणून आमच्या गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद व्हायचं आणि निघताना आपोआप सुरू व्हायचं. ते बंद झालं, त्याची बारीकशी थरथरही थांबली आणि माझ्या वरचा पत्रा धडधडला. एरिकबाबांनी दोन्ही पाय गाडीच्या तळाला रेटले होते.

"मशीन बंद परली! डेन्झिल, मशीन बंद परली रे!"

"नाही, पपा. चालू आहे, पपा, चालू आहे."

"खोटं बोलतोस? मला कान न्हायत?"

डेन्झिलने सावरून काही सांगायच्या आत दार उघडलं आणि ती रुंद पावलं भर रस्त्यात उतरली. मागून हॉर्नवर हॉर्न. बाजूला एक रिक्षा खडखडत उभी होती. एरिकबाबा चाचपडत तिच्यात जाऊन बसले. "ही बरी. हिचं पोट बोलतंय तरी," असं म्हणाले आणि उत्तनला रिक्षाने परत गेले.

डेन्झिलने ते आपोआप बंद होणं एक बटण दाबून थांबवलं. तरी उपयोग नव्हता. चालू इंजिनाचा आवाजसुद्धा मी इतका मन लावून जिरवत होतो, की एरिकबाबांना तो ऐकूच येत नव्हता. बाहेरची झाडं मागे पळताना दिसावीत, तर डोळे अधू. मग गाडी चालली आहे हे त्यांना कळणार कशावरून? त्यांनी गाडीत पाय ठेवायचं सोडलं.

खरी अडचण पुढेच होती. मीरा रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. त्यांनी बजावलं होतं, नंतर वारा, धूळ, धक्के चालणार नाहीत, बंद गाडीतूनच घरी न्या. आणि आता आणखी उशीर केलात, तर पुढे दिसेलच असं सांगता येणार नाही.

"रिक्षा न्हाय चालत तर ऑपरेशन पण नको," एरिकबाबांनी सांगून टाकलं.

डेन्झिल गाडी घेऊन काशीमीऱ्याला गेला. तिथे ट्रकच्या रांगेमागे धर्मेशभाईंचं गॅरेज होतं.

"धर्मेशभाई, गाडीला आवाज पाहिजे. पण पिकअप जायला नको."

"सबको यही मंगता है, भाई. किसको सुनाना है? बिल्डिंगवालों को, के कोई लडकी को?"

"पपाला."

धर्मेशभाईंचे तेलकट सँडल जागच्या जागी थांबले. "पप्पा को? अरे, मेरे पास जो भी आता है, पप्पा से छुपाके आता है!"

दोघं हसले. मला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात माझे बोल्ट सैल होऊ लागले होते. माझ्या जागी एक चकचकीत, रुंद, सरळ पाइप बसवला. पोटात ना पडदा, ना नळी. धर्मेशभाईंनी सांगून पाहिलं, की एवढा रुंद नको, पण डेन्झिलला तोच हवा होता. मला डिकीत टाकलं. मित्रांनो, मी विचार करून थकलो. ज्या कामासाठी मला गुणी म्हटलं होतं, तेच काम मी करत होतो. मग माझं चुकलं कुठे?

उत्तनला आल्यावर मी परसात पडलो. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असायचे आणि खाली ताडपत्रीवर करदी, म्हणजे बारीक कोळंबी. ताडपत्री वाऱ्याने उडायची, म्हणून कार्मिनबाईंनी मला तिच्या कोपऱ्यावर ठेवलं. मांजर माझ्यावर बसून करदीवर डोळा ठेवायचं. मी दगडाचं काम करू लागलो.

तिथेच मला एक गोष्ट कळली. शेजारच्या सुलूताई करदी निवडू लागायला यायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "कार्मिनमावशी, एवढा दर्यावरचा माणूस, आणि गाडी गप्प असली की घाबरतो?"

कार्मिनबाईंचे हात थांबले. "तू तवा लहान होतीस. धुकं परलेलं आणि मधे दर्यात यांची मशीन बंद परली. दुसऱ्या बोटींचे आवाज यायचे जवळून, पण कोणाला हे दिसायचे न्हाय. सोबतीला यांचा खलाशी धाकू होता. तो म्हणाला, थांब, मी बोलावून आणतो. एका आवाजाच्या मागं पोहत गेला. तो काय मिळाला न्हाय. हे अजून सांगतात, आवाज गेला आणि मग सगळं शांत झालं."

शांतता चांगली असते असं मला शिकवलं होतं. ती अशीही असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिकडे त्या सरळ पाइपने गावात गोंधळ घातला. गाडी वळणावर आली की कोंबड्या पळायच्या. पोलिसांनी एकदा हटकलंसुद्धा. आणि गंमत पाहा, आवाज एवढा मोठा झाला, पण गावाजवळच्या डोंगरीच्या चढावर बाजारात न्यायच्या मासळीचे बर्फाचे खोके भरलेली गाडी धापा टाकू लागली. एरिकबाबा तिच्यात बसलेच नाहीत. फाटकाशी उभे राहून त्यांनी नुसतं ऐकलं.

"ही बोंबलते, बोलत न्हाय. आवाज हाय, पण ओढ न्हाय. हिच्यात मी बसू?"

डेन्झिलने डोक्याला हात लावला. "गप्प होती तर बंद परली म्हणतात. आवाज केला तर बोंबलते म्हणतात. मी करू तरी काय, आय?"

"त्यांना इचारलंस का," कार्मिनबाई शांतपणे म्हणाल्या, "कसा आवाज पाहिजे ते?"

नव्हतं विचारलं. कोणीच विचारलं नव्हतं.

मग काशीमीऱ्याला एक वेगळीच वरात निघाली. पुढे रिक्षात एरिकबाबा, मागे रिकामी एसयूव्ही, आणि तिच्या डिकीत करदीचा वास लागलेला मी. धर्मेशभाईंनी एरिकबाबांना एका टायरवर बसवलं, चहा दिला आणि डेन्झिलला समजावलं, "देख, पाइप चौडा हो गया. धुआँ अंदर ढीला पड जाता है, जोर से निकलता नहीं. इसलिए नीचे का दम गया. पुराना डब्बा है ना? वही लगाते हैं. पाइप कंपनीवाला. आगे का सब जैसा है वैसा. सिर्फ इसके पेट में थोडा काम करेंगे."

ते पोट माझं होतं! कटर फिरला, ठिणग्या उडाल्या आणि जन्मल्यापासून बंद असलेल्या माझ्या पोटात पहिल्यांदा उजेड शिरला. एक पडदा काढला, एका नळीची वाट बदलली, पुन्हा वेल्डिंग करून मला बंद केलं. ती ही रेघ. मला गाडीखाली टांगून इंजिन सुरू केलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. मी दचकलो.

"आवाज वर चढतोय," एरिकबाबा टायरवरून म्हणाले. "खाली आण."

पुन्हा उतरवलं, पुन्हा उघडलं.

"आता घसा बसल्यासारखा वाटतोय."

"अंकल, गाडी है, बोट नहीं है!"

"मला म्हाईत हाय काय हाय ते. तू कर."

धर्मेशभाई कपाळाचा घाम पुसत कुरकुरले, पण मला पुन्हा उघडलं. शेवटी एक आवाज निघाला. खालचा, भरीव, सारखा. फार मोठा नाही. धर्मेशभाईंनी तो मीटर लावून मोजला, कायद्याच्या हद्दीत होता. मग त्यांनी गाडी हायवेच्या चढावर नेऊन आणली. ओढ पहिल्यासारखी परत आली होती. एरिकबाबा उठले. ती रुंद पावलं चाचपत पुढे आली. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला असावा, पत्र्यावर हलकी थाप ऐकू आली. मग दार उघडल्याचा आवाज आला.

"चल," ते म्हणाले.

काशीमीऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबली. ट्रक, बस, रिक्षा सगळे कलकलत होते. मी जीव तोडून माझा एकच सूर धरून राहिलो.

"चालू आहे, पपा," डेन्झिल सवयीने म्हणाला.

"म्हाईत हाय मला."

ठरल्या तारखेला आम्ही मीरा रोडला गेलो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून आम्ही त्यांना घरी आणलं, आणि पट्टी काढायला पुन्हा घेऊन गेलो. ती काढून आम्ही परत निघालो. मिठागरांजवळ एरिकबाबा म्हणाले, "पाणी किती चमकतंय." आणि मुर्धा मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "डेन्झिल, ही गाडी एवढी का गुरगुरते रे?"

डेन्झिलने करकचून ब्रेक दाबला. "पपा! तुमच्यासाठीच केलं ना सगळं!"

"तवा दिसत न्हवतं. आता दिसतंय ना चाललीय ते. झाडं पळतायत की."

कार्मिनबाई इतक्या हसल्या, की माझ्या वरचा पत्रा हलला. "काय करायचं न्हाय आता त्या आवाजाला," त्या म्हणाल्या. "गाडी वळणावर आली की मला घरात कळतं. मी भात चढवते."

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, मी काय समजू? गप्प होतो तर दोष, बोललो तर दोष. ज्यांच्यासाठी माझं पोट फाडलं, त्यांनाच माझा आवाज नको आणि ज्यांनी मागितला नव्हता, त्यांना तो हवा. "दुसरा डोळा होऊ दे, मग बघू," असं म्हणून डेन्झिलने विषय टाळला, म्हणून मी अजून असाच आहे. माझ्या नावाचा अर्थ गप्प करणारा, आणि मी बोलतो.

पण त्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली. गाडीमागे ती रुंद पावलं आली आणि थांबली. मग गुडघे टेकले, हात टेकले आणि एक चेहरा खाली वाकला. काळा चष्मा वर सरकवून एका डोळ्याने त्याने मला पाहिलं. नुसतं मला पाहायला गाडीखाली वाकलेला तो पहिलाच चेहरा होता. "हा काय तो," एरिकबाबा पुटपुटले. त्यांनी माझ्या रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला तांबडा गंज लागला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आम्ही असेच झिजतो. "कार्मिन, गोडं पाणी आण गं बादलीभर," त्यांनी हाक मारली. बोट परत आली की ते मशीनला गोड्या पाण्याने धुवायचे, तसं त्यांनी मला धुतलं. आता अधूनमधून ते असं धुतात. कार्मिनबाई डोळ्यात पाणी उडेल म्हणून ओरडतात.

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हांला एवढीच विनंती. तुमच्या घरात जी वस्तू खाली, मागे, अंधारात राहून काम करते, तिच्याकडे कधीतरी वाकून पाहा. तिला धुवा, पुसा. आणि कोणासाठी तिच्यात काही बदल करणार असाल, तर त्या माणसाला आधी विचारा. तेवढ्याने सगळं समजेल असं मी म्हणत नाही. मला तरी कुठे समजलंय?

परवाच आम्ही धर्मेशभाईंकडे तेल बदलायला निघालो होतो. काशीमीऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबली. एरिकबाबांना आता चांगलं दिसतं. समोर केवढी वर्दळ होती, बघायला कितीतरी होतं.

"पपा, डोळे का मिटलेत? दुखतंय का?" डेन्झिलने विचारलं.

"न्हाय रे. थांब जरा, ऐकू दे."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले. डेन्झिल क्षणभर तसाच थांबला. मला काही कळलं नाही. मी आपला सूर सोडला नाही.