कमरेला बांधलेली राख

मित्रांनो, मी एक जुनी कमरेची चटई आहे. जमिनीवर अंथरण्याची नव्हे. तो गैरसमज आधी मनातून काढून टाका. आमच्या टोंगा बेटांवर चर्चला जाताना, लग्नाला जाताना, वडीलधाऱ्यांसमोर उभे राहताना माणूस कमरेभोवती माझ्यासारखी चटई गुंडाळतो आणि काथ्याच्या दोरीने आवळून बांधतो. आम्हांला ताओवाला म्हणतात. चटई जितकी जुनी, जितकी विरलेली, तितका तिचा मान मोठा. नवी चटई कोणीही विकत घेऊन बांधतो. जुनी बांधायला घराणे लागते.

मला तेलेसिया नावाच्या बाईंनी विणले. त्यांनी केवड्याची लांब पाने कापली, उकळली, त्यांच्या जुड्या बांधून समुद्राच्या उथळ पाण्यात दगडांखाली बारा दिवस दाबून ठेवल्या. खाऱ्या पाण्याने पाने पांढरी झाली. मग ती उन्हात वाळवून त्यांनी नखाएवढ्या अरुंद पट्ट्या काढल्या आणि गावच्या बायकांसोबत बसून चार महिने मला विणले. एक ओळ वाकडी गेली, तर तेलेसियाबाई सबंध वीतभर उसवीत. "पोरींनो, घाई असेल तर घरी जा," असे त्या म्हणत, आणि कोणी जात नसे.

माझी उमेदीची वर्षे थाटात गेली. सरदारांच्या घरच्या मेजवानीत एका वृद्ध पाहुण्यांनी माझी कड दोन बोटांत धरून विचारले होते, "ही कोणाच्या हातची?" ते शब्द मी जपून ठेवले आहेत. तेलेसियाबाईंची थोरली मुलगी ओफेइना लग्न करून न्यूझीलंडला, ऑकलंड शहरी गेली, त्या दिवशीही मीच बाईंच्या कमरेला होते. त्यानंतर मला गुंडाळून गादीखाली ठेवण्यात आले. वीस वर्षे मी तिथे होते. माझी एकच इच्छा उरली होती. आमच्याकडे मोठ्या घराशी नाते जोडायचे असेल, तर जुनी चटई भाषण करून हातांवर अर्पण करतात. असे अर्पण होणे हे आमच्या कुळाचे परमभाग्य. ते आपल्याला लाभावे, एवढेच मी मागत होते.

मग ज्या वर्षी समुद्रातला ज्वालामुखीचा डोंगर फुटला, त्या दुपारी आकाश काळे झाले. तेलेसियाबाई आणि त्यांच्या मुलाची मुलगी सेलुवाया टेकडीवर पळाल्या. लाटेने पुढची पडवी नेली. मागची खोली वाचली, पण फुटलेल्या खिडकीतून राख आत आली आणि माझ्या वेलबुट्टीत, विणीच्या प्रत्येक फटीत जाऊन बसली. मला झटकले, धुतले, उन्हात घातले. ती निघाली नाही. त्या हिवाळ्यात तेलेसियाबाईंची छाती कफाने भरली आणि त्या गेल्या. दवाखान्यात न्यायला बोट मिळाली, तोवर उशीर झाला होता.

ओफेइना मयताला आली आणि परत जाताना भाचीला आणि मला सोबत घेऊन गेली. विमानात ती एकच वाक्य बोलली. "घरात एक नर्स असती, तर माझी आई आज असती."

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आमच्यात वडिलांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा, शब्द हा घरातला शेवटचा शब्द. तिच्यापुढे भाऊ बोलत नाही, मग भाची काय बोलणार? ही रीत मला मान्य होती. किंबहुना अशाच रीतींवर माझा मान उभा होता.

तीन वर्षांनी ऑकलंडच्या विद्यापीठाने नव्या मुलामुलींसाठी दारे उघडली. या आणि बघा, असा तो दिवस. सेलुवाया तेव्हा सतरा वर्षांची होती. सकाळी आत्याने मला तिच्या कमरेभोवती बांधले.

"श्वास सोड. पोट आत घे," आत्या दोरी आवळीत म्हणाली. "तिथे सगळे विचारतील, ही कोणाची मुलगी. चटईनंच उत्तर द्यायला हवं."

"आत्या, सगळे जीन्समध्ये येतील गं."

"मग त्यांना घराणं नसेल."

मला हे उत्तर फार आवडले होते. आज सांगताना मात्र संकोच वाटतो.

कमरेला बांधलेल्या वस्तूला डोळ्यांपेक्षा श्वास अधिक कळतो. पोट कधी आखडते, कधी मोकळे होते, सगळे मला समजते. आत्याची मुलगी लोसालीना तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. ती आम्हांला फिरवू लागली. मोठे ग्रंथालय झाले, उतरत्या पायऱ्यांचे वर्ग झाले. सेलुवायाचा श्वास आखूड, भित्रा होता. बेटांवरच्या मुलांच्या खोलीत दाराशी चपलांचा ढीग पडला होता. आत दोघे गिटार जुळवीत होते, एकजण सोफ्यावर गाढ झोपला होता, आणि एक मुलगी सर्वांना कलिंगड आणि नारळाचे ओताई नावाचे पेय प्याल्यांतून वाटत होती.

"हे शिकतात कधी?" आत्याने विचारले.

"झोपेतून उठले की, आई."

"आणि हा कधी उठतो?"

"परीक्षेला," लोसालीना म्हणाली, आणि सगळी खोली हसली. झोपलेलाही डोळे न उघडता म्हणाला, "मावशी, उगाच बदनामी. मी जागाच आहे." आत्याही हसली. सेलुवायाचे पोट प्रथमच सैल झाले. तिला इथे राहावेसे वाटत होते. ते मला तिच्याआधी कळले.

आत्या ओळखीच्या बायकांशी बोलत थांबली, तेवढ्यात लोसालीनाने सेलुवायाला शेजारच्या इमारतीत ओढले. तिथे भूगर्भशास्त्राची प्रयोगशाळा होती. मेजावर सूक्ष्मदर्शक मांडले होते, आणि एक तरुण शिक्षक येणाऱ्यांना म्हणत होते, "तुमच्याकडचं काहीही द्या. बुटाखालची माती चालेल."

सेलुवाया मेजाशी गेली. मग तिने माझी खालची कड उचलली, काचेवर धरली आणि नखाने हलकेच टिचकी मारली. करड्या धुळीचे आठदहा कण खाली पडले.

तिने वाकून पाहिले आणि तिचा श्वास थांबला. मी घाबरले. मग तो परत आला, तो असा खोल की काथ्याची दोरी ताणली गेली. असा श्वास मी त्या देहात कधीच अनुभवला नव्हता.

"ही... काच आहे?" तिने विचारले.

"काचच," शिक्षक म्हणाले. "वितळलेला खडक क्षणात गार झाला की अशी काच होते. कुठली राख ही?"

"घरची."

ते गंभीर झाले. त्यांनी मग तिला स्टूल दिले. पुढची वीस मिनिटे ती विचारत होती आणि ते सांगत होते: डोंगर का फुटला, पुन्हा कधी फुटेल हे कळते का, आधी सांगता येईल का. "हेच तर अजून नीट जमत नाही," ते म्हणाले. "त्यासाठीच माणसं हवीत. तिथलीच मिळाली तर फार बरं."

बाहेर आल्यावर ती लोसालीनाला म्हणाली, "ताई, मला हेच करायचंय. आजी पळताना विचारत होती, हे काय आहे गं, हे काय आहे? मला सांगता आलं नाही."

"मग आत्याला सांग."

सेलुवायाने माझी कड सारखी केली. पोट पुन्हा आखडले.

आत्या परिचर्या विभागाच्या दालनात पोहोचली होती. पांढऱ्या केसांच्या विभागप्रमुख बाई पालकांशी हसून बोलत होत्या. इथे आत्याची चूक झाली, आणि ती आमचीच माणसे करू शकतात अशी चूक होती. या बाई म्हणजे या मोठ्या घरच्या यजमानीण, असे तिने धरले. यजमानिणीकडे मूल सोपवायचे, तर रिकाम्या हातांनी कसे सोपवणार?

"सेलुवाया, दोरी सोड."

मित्रांनो, माझा तो क्षण आला होता. ज्याची मी एवढी वर्षे वाट पाहिली, ते अर्पण. आणि मी मनात ओरडत होते, सोडू नकोस!

"आई, थांब," लोसालीना पुढे आली. "तिला दुसरंच शिकायचंय. दगडांचं, डोंगरांचं."

"दगड?" आत्या म्हणाली. "दगड बघायला विद्यापीठ कशाला? घरामागे ढीग पडलाय." मग ती भाचीकडे वळली. तिचा आवाज कडक नव्हता. तेच अधिक वाईट होते. "आई गेली तेव्हा मी इथे दूर होते, पोरी. मला काही करता येत नव्हतं. तुला येईल. बोल, तुला काही सांगायचंय?"

सेलुवायाच्या छातीत शब्द तयार होता. मला तो बरगड्यांशी धडकताना जाणवला. एक घाव, दोन घाव. मग तो खाली उतरला.

"नाही, आत्या," ती म्हणाली, आणि तिने दोरी सोडली.

आत्याने मला दोन्ही हातांवर घेतले, गुडघे टेकले आणि सुंदर भाषण केले. तेलेसियाबाईंचे नाव घेतले, सरदारांच्या मेजवानीचा उल्लेखही केला. त्या बाईंचे डोळे भरून आले. "पण प्रवेश तर गुणांवर मिळतो," त्या गोंधळून म्हणाल्या.

"गुण आहेत तिच्याकडे," आत्या म्हणाली. "आता शब्दही दिला."

त्यांना वाटले, प्रेमाची भेट मिळाली. आत्याला वाटले, करार झाला. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि मधे मी चेपले गेले. परिचर्या हे थोर काम आहे; त्याला उणे बोलण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु त्या करारावर शिक्का म्हणून जी वस्तू वापरली गेली ती मी होते, आणि सेलुवायाने गिळलेला शब्द केवळ मला जाणवला होता.

आज मी त्याच विभागाच्या मार्गिकेत एका काचेच्या कपाटात टांगलेली आहे. दुपारचे ऊन थेट माझ्यावर येते आणि माझा रंग उडतो आहे. येणारेजाणारे माझी छायाचित्रे घेतात. सेलुवाया दुसऱ्या वर्षाला आहे. निळा गणवेश घालून ती रोज इथून जाते. कधी थांबते आणि माझी खालची कड जिथे येते, तिथे काचेवर बोट टेकवते. कपाटाला कुलूप आहे. ती राख अजून माझ्यातच आहे.

मागच्या आठवड्यात आत्या मला पाहायला आली होती. ती अभिमानाने बराच वेळ उभी राहिली. मग शेजारी उभ्या असलेल्या भाचीला तिने विचारले, "सुखी आहेस ना गं?"

"हो, आत्या."

मित्रांनो, जुन्या वस्तू उन्हात ठेवू नका, कोरड्या जागी जपून ठेवा, असे सांगून मला थांबता आले असते. तेवढे कराच. पण वडीलधाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. लेकराला मानाचे काही बांधाल, तेव्हा दोरी आवळण्याआधी क्षणभर तिथे हात ठेवा आणि श्वास मोजा. विचारून उत्तर मिळतेच असे नाही. आमच्या घरात तर विचारलेही होते.

ती "हो" म्हणाली, तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. खरे की खोटे, ते पूर्वी मला तत्क्षणी कळले असते. आता मधे काच आहे. मी तिच्या कमरेला नाही.