तीन पाण्यांची चकती

या, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. एका चकतीची आहे, आणि तीही इतकी पातळ की धरली तर पलीकडची खिडकी दिसावी.

झाबेलने वाडग्यातले तिसरे पाणी मोरीत ओतले, तळाशी राहिलेली मांसाची चकती दोन बोटांनी उचलली आणि फडक्याच्या घडीत ठेवून वरून तळहाताने दाबली. फडक्यावर फिकट ओल उमटली. मग वेगळ्या वाटीतला, मीठ न घातलेला मेथी-लसणाचा लेप तिने चकतीच्या कडेकडेने बोटाने फिरवला, चकती बशीत मांडली आणि मान मागे घेऊन पाहिली. दिसायला ठीक होती. दिसायला ती नेहमीच ठीक असायची.

बुर्ज हम्मूद वस्तीतल्या त्या गल्लीत दुकानावर पाटी नव्हती. मेथीचा वास हीच पाटी. आत आकड्यांना बास्तुर्म्याचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या मांसाचे, तुकडे टांगलेले, वरून लेपाचे तांबडे कवच, आत काळपट लाल मांस. दुकानाचा एक नियम झाबेलच्या आजोबांपासून चालत आलेला होता. नवा तुकडा सुरीखाली आला की पहिली चकती मुअल्लिमची. मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, झाबेलचे वडील खोरेन, डोळे मिटून ती चावणार, आणि मग एकच शब्द म्हणणार, "मुरलं." तो शब्द कानावर पडल्याशिवाय त्या तुकड्यातले गुंजभरही कधी तराजूत पडले नव्हते.

चौदा महिन्यांपूर्वी खोरेनच्या छातीत पाणी झाले. डॉक्टर हराइर झाबेलला बाजूला घेऊन म्हणाले, "आता मीठ म्हणजे विष समजा. ताई, एकच काहीतरी राहील. बाप नाहीतर बास्तुर्मा."

झाबेलला दोन्ही हवे होते. काचेच्या फळीजवळची, चव घ्यायला बसायची ती खुर्ची बापाकडून काढून घेतली असती, तर मिठापेक्षा लवकर तो त्यानेच गेला असता. म्हणून नवा तुकडा उघडायचा असला की आदल्या संध्याकाळी ती गुपचूप एक चकती कापायची आणि वाडग्यात भिजत घालायची. झोपण्याआधी एकदा, मध्यरात्री एकदा, पहाटे एकदा असे पाणी बदलायचे. खरी, खारट चकती ती स्वतः चाखायची आणि तुकडा विकण्याजोगा आहे की नाही ते एकटीच ठरवायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचे पाय संध्याकाळपर्यंत पावासारखे फुगत. त्याचे तिला फारसे काही नव्हते. खुपायचे ते वेगळेच. त्या धुतलेल्या, जीव गेलेल्या चकतीलाही बाबा डोळे मिटून तेच म्हणत, "मुरलं." ज्या जिभेला डोंगरावरच्या वाऱ्यात वाळलेले आणि गच्चीवर वाळलेले वेगळे कळायचे, ती जीभ गेली होती. माणूस समोर बसलेला असताना झाबेल त्याच्या जिभेचे सुतक पाळत होती, आणि वर त्याला फसवतही होती.

गेल्या रविवारी देवळात पाद्री देर घेवोंदने प्रवचन गाऊन सांगितले होते. त्याचा गळा असा, की ऐकताना पापण्या आपसूक मिटाव्यात. सणाआधी घर झाडता तसे उपासाआधी मन झाडा, तो गात होता, कोपऱ्यातले खोटे आधी काढा. झाबेलने मान वर केली नाही. शेजारी बाबा सुरात सूर मिसळून गुणगुणत होते.

आज शनिवार. सोमवारपासून मोठा उपास, सात आठवडे मांस नाही. त्यामुळे सकाळपासून दुकानात माणसावर माणूस. झाबेलने बशी नेऊन बापासमोर धरली. खोरेनने चकती उचलली, उरलेल्या चार दातांनी सावकाश चावली. 

"मुरलं."

"झाली आकाशवाणी!" ओन्निक न्हावी ओरडला. "शंभर ग्रॅम द्या, ताई. आणि जरा पातळ कापा, जिन्नस जास्त दिसला पाहिजे."

"बायकोला विचारलंस का?" मागून कुणीतरी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? ती म्हणते, बास्तुर्मा खाल्लास तर दोन दिवस गच्चीवर झोप. दोन दिवस शांत झोप मिळते, तेवढ्यासाठी तर खातो मी." तराजूवरचा आकडा पाहून त्याने कपाळावर हात मारला. "मुअल्लिम, लुटता हो! एवढ्यात तर आख्खी कोंबडी येईल, आणि तिला पायसुद्धा असतात."

"सहा आठवडे टांगलं की निम्मं वजन वारा खातो," खोरेन डोळे न उघडता म्हणाला. "तू मांसाचे पैसे देत नाहीस, बाबा. वाऱ्याच्या जेवणाचे देतोस."

दुकान हसले. झाबेल हसली नाही. तिच्या हातातली सुरी सकाळपासून थांबली नव्हती.

बाराच्या सुमारास वदाद आली. नदीपलीकडची, वीस वर्षांची गिऱ्हाईक. एरवी आल्याआल्या दरावरून भांडणारी ही बाई आज रांगेच्या शेवटी भिंतीला टेकून उभी राहिली. एका हातात औषधांची पिशवी होती. तिची पाळी आली तेव्हा ती इतक्या हळू बोलली की झाबेलला पुढे वाकावे लागले.

"दोन चकत्या फक्त."

"दोनच?"

"अबू घस्सान परवा दवाखान्यातून घरी आलाय." अबू घस्सान म्हणजे तिचा नवरा. "उकडलेला भोपळा समोर ठेवला की भिंतीकडे तोंड करतो. दोन दिवसांत चार घास पोटात गेले नसतील. म्हणतो, उपासाआधी एकदा बास्तुर्मा दे, मग काय हवं ते उकडून घाल."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काय म्हणणार? छातीत पाणी. मीठ बंद." वदादने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "झाबेलबाई, तुम्ही यातून गेलाय. खरं सांगा, एवढे पैसे मोजून मी त्याच्यासाठी घास नेतेय की विष?"

उत्तर झाबेलला ठाऊक होते. जिभेच्या टोकावर नाही, मनगटात होते. वाडगा, थंड पाणी, फडके. चार वाक्यांचे काम. पण ती खुर्ची हातभर अंतरावर होती, आणि खुर्चीतल्या माणसाचे कान अजून शाबूत होते. तिने पुडीचा कागद उगाचच एकदा घडी घातला, मग उलगडला.

"मी काय सांगू, बाई," ती म्हणाली. "देवाला काळजी."

देवाचे नाव असे पुढे केल्याची तिची तिलाच लाज वाटली. वदादने मान हलवली आणि नोटा मोजायला घेतल्या.

"वदाद, इकडे ये पोरी," खोरेन म्हणाला.

ती खुर्चीजवळ गेली. म्हाताऱ्याने डोळे उघडले होते.

"तब्येतीला हे चांगलं नाही. माझ्या बापाच्या वेळीही नव्हतं. जो चांगलं म्हणेल, त्याच्याकडे माल पडून आहे असं समज."

झाबेलची सुरी थांबली. या दुकानात बसून बाबा असे बोललेले तिने जन्मात ऐकले नव्हते.

"मग नको नेऊ?"

"ने की. घरी गेलीस की आधी कडेचा लेप खरवडून टाक. वाडग्यात थंड पाणी घे आणि चकती त्यात सोड. झोपण्याआधी पाणी बदल. मग मध्यरात्री एकदा, पहाटे एकदा. तिसरं पाणी ओतून दिलंस की फडक्यात घाल आणि तळहाताने दाब. पिळू नकोस, पिळलंस की चिंधी होते." तो दम घ्यायला थांबला. "मग मेथी-लसणाचा लेप लाव. मीठ न घालता, नुसता कडेकडेने. मध्ये लावू नकोस, मध्ये लावलास की लपवल्यासारखं दिसतं."

काचेच्या फळीमागे झाबेलने सुरी खाली ठेवली.

"एवढं धुतल्यावर चव राहते का हो?" वदादने विचारले.

"चव? ओला पुठ्ठा."

दारातले दोघेतिघे हसले. वदादच्याही ओठांचा कोपरा हलला, पण लगेच ती म्हणाली, "मग त्याला कळेलच की, मुअल्लिम."

"कळेल. पहिल्याच घासाला कळेल."

"आणि मग?"

"मग काही नाही. तो म्हणेल, छान आहे. तूही तसंच समज."

वदाद त्याच्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही वडिलांकडून शिकलात?"

"नाही," खोरेन म्हणाला. "म्हातारपणी शिकलो. आपल्याहून चांगला कारागीर घरातच असला की म्हातारपणीही शिकता येतं." बोलताना त्याची नजर रस्त्याकडे होती.

झाबेलने सुरी उचलली. पहिली चकती जाड आली. खोरेनने तिकडे न बघताच म्हटले, "पातळ. पातळ असली की मीठ लवकर सुटतं." तिने ती बाजूला सारली आणि पुन्हा कापली. दोन झाल्या. कागदात ठेवल्या, आणि मग तिने तिसरीही कापून वर ठेवली.

"दोनच म्हटलं होतं मी," वदाद म्हणाली.

"राहू दे," झाबेल म्हणाली.  "पहिल्या खेपेला एखादी हातात फाटते."

वदाद पुडी छातीशी धरून गेली. रांग पुढे सरकली. झाबेल कापत राहिली, आणि दुकान बंद होईपर्यंत तिने एकदाही खुर्चीकडे पाहिले नाही.

दुकानाचे शटर अर्धे खाली आले तेव्हा गल्लीत ऊन तिरके झाले होते. ती बापाला हात देऊन उठवायला गेली. तो उठला नाही. तिचा हात मात्र त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. पाण्याने सुरकुतलेली बोटांची टोके त्याने अंगठ्याने एकेक चाचपली.

"सोमवारपासून सात आठवडे नवा तुकडा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग रात्री कुणी उठायचं नाही. झोप."

"हो बाबा," झाबेल म्हणाली, आणि जमिनीवर, त्याच्या पायांशी बसली. आता उभे राहण्याची गरज नव्हती.

नदीपलीकडे वदादने मात्र आज पहिल्यांदाच वाडगा भरून ठेवला असेल. मध्यरात्री ती अंधारात चाचपडत उठेल, नवरा जागा होऊ नये म्हणून दिवा न लावता. आणि तो, पाऊल ऐकून, झोपेचे सोंग घेईल. आज निजताना हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावे घेऊन झाली की त्या वदादचीही आठवण ठेवा.