ऊन झऱ्यावरून परतलेला कपडा

मी एक जुना, पाणी गाळायचा कपडा आहे. मित्रांनो, आज मी मोरीच्या दाराशी पाय पुसायला पडलो आहे, त्यामुळे कधीकाळी मला पाय लागला तर लोक हात जोडायचे, हे तुम्हाला खरं वाटायचं नाही.

खडेबाजारातून जाड, पांढऱ्या सुताचा मी विकत घेतला गेलो आणि शालनच्या लग्नात तिच्याबरोबर निपाणीजवळच्या एका जैन घरात आलो. ते साल एकोणीसशे तीस. घागरीच्या तोंडावर मला दुहेरी अंथरायचं, पाणी गाळायचं. मग मला उलटं धरून वरून गाळलेलं पाणी ओतायचं आणि माझ्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. शालन ती इतक्या हलक्या हातानं करायची, की सासू चंपाबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या.

पुढे ब्राह्मी जन्मली आणि त्या बाळंतपणात शालनचे गुडघे धरले. बसली की उठवेना. लेकीला कडेवर घेऊन उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं. खानापूरच्या रानात ऊन पाण्याचा झरा आहे, तिथं सात दिवस न्हालं की सांधे सुटतात, असं कुणीतरी सांगितलं. तीन दिवस बैलगाडी चालली. वाटेत ती मांडीवरच्या ब्राह्मीला सांगायची, "येताना बघ, तुझी आई तुला उचलून गाडीत चढंल."

रानात दगडांनी बांधलेलं कुंड होतं. गंधकाचा वास, नुसती वाफ. प्यायचं पाणी मात्र खालच्या ओढ्यातलं. शालनच्या नवऱ्यानं, वर्धमाननं, घागर भरून आणली. शालननं गाळली. आता जिवाणी ओढ्यात सोडायची, पण उतार मोठा, गुडघे ठणकत होते, ब्राह्मी रडत होती. कुंड चार पावलांवर. तिनं मला तिथंच उलटं धरलं आणि पाणी ओतलं.

"अगं, काय केलीस हे!" चंपाबाई ओरडल्या. "गार पाण्यातलं जीव ऊन पाण्यात? उकडून मारलीस की गं!"

"ध्यानातच न्हाय आलं, आत्ती."

"आता ह्या पाण्यात न्हायाचं न्हाय. वर्धमान, गाडी जुंप."

कुंड राखणारा म्हातारा भरमू मधे पडला. "लई लांबनं आलीया वो पोरगी. एकडाव तरी न्हाऊ दे की."

"तुला रं काय ठावं आमचं?"

शालननं नवऱ्याकडे पाहिलं. "आई म्हणती तसं," म्हणत तो बैलांकडे गेला. मग मायलेकांनी मिळून तिलाच उचलून गाडीत घातलं.

कुंडाच्या पाण्यात माझं एक टोक भिजलं होतं. ते अजून ऊन होतं. तिनं ते गुडघ्यावर दाबून धरलं. पहिल्या वळणापर्यंत ऊब टिकली.

पुढे कितीतरी वर्षं ती बसूनच पाणी गाळत राहिली. ब्राह्मी घागर आणायची, जिवाणी विहिरीत सोडून यायची. एकदा तिनं सहज विचारलं, "आई, तू मला कधी कडंवर घेतलीवतीस गं?" शालन माझ्यातलं पाणी संपलं तरी मला पिळत राहिली.

मित्रांनो, मी विरलो म्हणून मोरीत आलो, त्याचं मला वाईट वाटत नाही. पाणी जरूर गाळा, बारीकातला बारीक जीव जपा, माझा जन्मच त्यासाठी. पण घागरीपाशी बसलेल्या बाईला एकदा विचारा, "गुडघं दुखत्यात काय गं?" आमच्या घरात तेवढं कुणी विचारलं नाही.