योगेंद्र सरांची ओळख करून देताना

योगेंद्र सरांनी माझी खुर्ची घेतली ती दोन शब्दांत. ‘ओळखी नाहीत.’

खालापूर टोलनाक्याच्या पुढे टेकडीवर आमचं विद्यापीठ आहे, तिथल्या संशोधन विकास कक्षात मी होतो. प्राध्यापकांना संशोधन करायचं असतं, त्याचा निधी दिल्लीत असतो आणि मधलं सगळं आम्ही लिहितो. प्रस्ताव मंजूर झाला की प्राध्यापकांचा सत्कार होतो, आम्ही खुर्च्या लावतो. नामंजूर झाला की आमची बैठक होते. बैठकीला खुर्च्या आधीच लावलेल्या असतात, एवढाच काय तो फायदा.

कक्षात उपसंचालकाची जागा निघाली. ते काम मी कधीपासून करतच होतो, फक्त पगार आणि दारावरची पाटी तेवढी यायची बाकी होती. निवड समितीनं माझ्याबद्दल योगेंद्र सरांना विचारलं, कारण कक्षात ते सगळ्यांत जुने. सर म्हणाले, मुलगा हुशार आहे, पण ओळखी नाहीत. मग ओळखी कोणाला आहेत, असं समितीनं विचारल्यावर सरांनी लाजून जमिनीकडे पाहिलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला. पेढा चांगला होता. त्याचा मला जास्त राग आला.

त्यानंतर मी एकच गोष्ट ठरवली. सर दुःखी झाले पाहिजेत. कसे, कुठे, कधी, ते नंतर बघू.

संधी कर्जतला मिळाली. राज्यभरच्या विद्यापीठांतली आमच्यासारखी माणसं दरवर्षी दोन दिवस एकत्र जमतात. कागदावर त्याला परिषद म्हणतात. खरं म्हणजे कोण निवृत्त होतंय, कुठली जागा रिकामी होतेय आणि ती कोणाच्या हातात आहे, हे भजी खाताना कळावं म्हणून सगळा खटाटोप. त्या वर्षी नदीकाठचा एक रिसॉर्ट घेतला होता. पुण्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात संचालकाची जागा रिकामी होती आणि त्या निवडीच्या प्रमुख राजदेरकर मॅडम परिषदेला येणार होत्या. सरांना ती जागा हवी होती. इतकी, की त्यांनी नवे बूट घेतले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. साहेब स्वतःचा मोठेपणा स्वतः सांगत नाही. शेजारी एक ज्युनियर उभा असतो, तो सांगतो. साहेबानं फक्त मान खाली घालून ‘अहो, तसं काही नाही’ म्हणायचं. तो जितका ठासून नाही म्हणेल, तितकं ते खरं धरलं जातं. सरांनी या कामाला मला निवडलं.

“तू बोलतोस छान,” चौक गाव मागे पडल्यावर गाडीत ते म्हणाले. “आणि त्या निमित्तानं तुझ्याही चार ओळखी होतील.”

शेजारच्या टेबलावरच्या हर्षलानं मला आदल्या दिवशीच सगळं समजावून सांगितलं होतं. सर पुण्याला गेले की त्यांची खुर्ची रिकामी. तेव्हा मी त्यांना डोक्यावर घेऊन पुण्याला पोचवायचं आणि गुपचूप खुर्चीत जाऊन बसायचं.

“पण मग ते पुण्यात सुखी होतील,” मी म्हणालो.

“होऊ देत की. तुला काय हवंय, खुर्ची का त्यांचं दुःख?”

मी विचार करून सांगतो म्हणालो.

पहिल्या चहालाच राजदेरकर मॅडम समोर आल्या. सरांनी मला हळूच कोपर मारलं. त्याच आठवड्यात वनस्पतिशास्त्राच्या एका बिचाऱ्या बाई माथेरानच्या घोड्यांच्या लिदीवर प्रस्ताव घेऊन आल्या होत्या आणि सरांनी ‘आपलं विद्यापीठ म्हणजे काय तबेला आहे का?’ म्हणून तो परत पाठवला होता. मला एकदम त्या बाई आठवल्या.

“मॅडम, हे डॉ. योगेंद्र,” मी म्हणालो. “घोड्याच्या लिदीवरच्या संशोधनाला या देशात निधी कोणी उभा करू शकत असेल, तर हा एकच माणूस.”

“अहो, तसं काही नाही,” सर म्हणाले. सवयीनं म्हणाले आणि मग काय ऐकलं ते त्यांच्या लक्षात आलं. “नाही, म्हणजे खरंच तसं काही नाही.”

मॅडमचा चेहरा फुलला. इतका विनम्र माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

जेवणापर्यंत मी सरांची ओळख रिसॉर्टभर करून दिली. विदर्भातले एक अधिकारी त्यांच्याकडे म्हशीच्या शेणाचा विषय घेऊन आले. सर चिडून म्हणाले, मला म्हशीतलं काहीही कळत नाही. अधिकारी भारावून गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, बघा, विषयाची काय शिस्त आहे माणसाला.

शेवटी सरांनी मला पोहण्याच्या तलावामागे गाठलं.

“प्रबुद्ध, हे काय चालवलंयस?”

“ओळखी, सर.”

आता खरं तर त्यांनी माइक घेऊन सगळं नाकारायला हवं होतं. पण तेवढ्यात मॅडमचा निरोप आला, की सरांनी त्यांच्याच टेबलावर जेवायला बसावं. सरांनी बुटांकडे पाहिलं. पुण्याचा रस्ता लिदीतून जात असेल तर जाऊ दे, असा काहीतरी हिशेब त्यांनी मनात केला असावा. दुपारच्या चर्चासत्रात ते स्वतःहून उठले आणि माथेरानची लाल धूळ, तीत मिसळणारी लीद आणि मानवी फुप्फुस यांवर बराच वेळ बोलले. चांगलं बोलले. मी पुढच्या रांगेत बसून टिपणं काढली.

दुसऱ्या दिवशी समारोपाला आमच्या कुलगुरू आल्या. राजदेरकर मॅडम माइकवर गेल्या आणि सांगू लागल्या, की अश्वमल अभियान नावाची एक राष्ट्रीय योजना मंजूर होऊन पडली आहे. कार्यालय माथेरानला, संचालकानं तीन वर्षं तिथंच राहायचं, आणि देशभर शोधूनही माणूस मिळत नव्हता. तो काल चहाच्या टेबलापाशी मिळाला.

“आणि पुण्याचं?” सरांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“पुण्याला काय, कोणीही मिळेल,” मॅडम म्हणाल्या.

कुलगुरू उभ्या राहिल्या आणि मुलगी द्यावी तशा भरल्या गळ्यानं म्हणाल्या, की आम्ही आमचे योगेंद्र सर देशाला दिले. टाळ्या सुरू झाल्या. सर माइककडे चालत गेले. त्यांच्या चालण्यावरून मला कळलं, की मी जिंकलो आहे. ते दुःखी होते, आणि वर त्यांची खुर्चीही रिकामी झाली होती. हर्षलानं विचारलेल्या दोन गोष्टींपैकी दोन्ही मिळाल्या.

सरांनी आभार मानले. मग त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि ते हसले.

“या विषयात मला ज्यानं आणलं, त्याची ओळख करून देतो,” ते म्हणाले. “प्रबुद्ध. तो माझं श्रेय कोणालाही देईल, स्वतः घेणार नाही. त्याच्याशिवाय मी माथेरानला एक पाऊल टाकणार नाही. अभियानाचा उपसंचालक तोच.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहून जीव तोडून सांगितलं, “अहो, तसं काही नाही.” टाळ्या वाढल्या.

खालापूरची खुर्ची हर्षलाला मिळाली. तिनं फोन करून मला विचारलं, की खुर्चीच्या पाठीचा आधार कसा खाली करायचा. मी सांगितलं.

माथेरानला आमचं कार्यालय एका बंद पडलेल्या हॉटेलच्या बिलियर्डच्या खोलीत होतं. टेबल काढता येईना, म्हणून त्याच्या एका टोकाला सर आणि दुसऱ्या टोकाला मी. एकमेकांशी आम्ही बोलत नसू. तिसरं माणूस आलं की मात्र दोघंही सुरू. सरांनी पर्यटकांना माझी ओळख घोड्यांच्या मनातलं ओळखणारा अशी करून दिली. त्यानंतर माझ्याकडे रोज कोणी ना कोणी घोडा घेऊन उभं. मी एका शाळेच्या सहलीला सांगितलं, की सर नुसत्या वासावरून घोड्याचं वय सांगतात. मुलं पिशव्या भरभरून घेऊन आली. सर ‘तसं काही नाही’ म्हणत गेले आणि मुलं पिशव्या पुढं करत गेली.

घोडेवाले रामभाऊ दाराशी बसून हे सगळं बघत.

“तुमचं भांडान हाय का दोगांचं?” त्यांनी एकदा विचारलं.

“नाही. सर फार मोठे आहेत,” मी म्हणालो.

“हा पोरगा लाखात एक आहे,” सर म्हणाले.

“मंग हायेच,” रामभाऊ म्हणाले आणि घोड्याला पाणी दाखवायला गेले.

तिसरं वर्ष संपत आलं आणि हर्षलाचा फोन आला. ती पुण्याला संचालक होऊन निघाली होती. हो, तीच जागा. खालापूरची खुर्ची आता मोकळी आणि कुलगुरूंना मीच हवा होतो.

“काही करू नकोस,” ती म्हणाली. “मार्चला अभियान बंद होतंय. राजदेरकर मॅडम शेवटची पाहणी करतील, तोवर फक्त गप्प बस. मग खाली ये, खुर्ची तुझी. आणि सरांचंही बघते मी पुण्यात काहीतरी. खूप सोसलं रे त्यांनी.”

मी गप्प बसायचं कबूल केलं, आणि मनापासून कबूल केलं.

मॅडम आल्या त्या सकाळी सरांच्या बॅगा बांधून तयार होत्या. हर्षलानं त्यांनाही फोन केला असणार. बिलियर्डच्या टेबलाच्या त्या टोकाला सर कागद आवरत होते आणि शीळ घालत होते. तीन वर्षांत मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. सूर बरा होता.

मॅडमनी खोली पाहिली, लिदीचे नमुने पाहिले आणि खुर्चीत टेकल्या. “मग,” त्या म्हणाल्या, “आता बंद करू या ना? तुम्हालाही सुटायचं असेल.”

सर नम्रपणे जमिनीकडे बघत होते. मला फक्त गप्प बसायचं होतं.

“मॅडम,” मी म्हणालो, “सरांचं खरं काम आत्ता कुठं सुरू झालंय. सगळं अर्धवट टाकून जायचं म्हणून रात्र रात्र जागतात ते. पण स्वतःहून तुम्हाला कधी सांगायचे नाहीत.”

“अहो, तसं काही नाही.” सरांचा आवाज चिरकला. “मॅडम, देवाशपथ सांगतो, तसं काही नाही.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. अभियानाला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, आहे त्याच माणसांसह.

मॅडमना सोडायला आम्ही दस्तुरीपर्यंत, म्हणजे गाड्यांना जिथवर परवानगी आहे तिथपर्यंत, चालत गेलो आणि त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर तसेच परत निघालो.  माथेरानला आल्यापासून तिसरं माणूस नसताना सर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

“खाली तुझी खुर्ची रिकामी होती ना रे?”

“होती.”

“मग?”

“तुम्ही शीळ घालत होतात, सर.”