मी दाखवलेली खोटी वाट

मित्रांनो, मी एक जुना डीबगर आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी नुसता एक प्रोग्राम. यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामचं कुठे बिनसलं, ते शोधणं हे माझं काम. नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या दिमतीला मला आणलं, तेव्हा माझं कोण कौतुक व्हायचं!

माझं काम तसं साधं. प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्याला कामाला लावतो, तेव्हा परत कुठे यायचं तो पत्ता एका चळतीत ठेवतो. ती चळत उलगडत मी मागे मागे जातो आणि काम मुळात कुणी सुरू केलं ते सांगतो.

प्रेस खाली आणणारा भाग मात्र कारखान्याचे प्रोग्रामर वेणीमाधवसर यांनी वेगासाठी हाताने, यंत्राच्या सगळ्यांत जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिला होता. पत्ता चळतीत कितव्या जागी आहे, हे मला सांगणाऱ्या दोन ओळी तेवढ्या त्यांनी गाळल्या. "त्या ओळींनी प्रेस थोडीच चालते?" असं ते म्हणाले, आणि प्रेस त्या ओळींवाचून चाललीही.

मार्चमध्ये एका दुपारी ती आपोआप खाली आली. प्रेसवर काम करणाऱ्या, पेठ गावच्या बारकूची तीन बोटं गेली.

त्या क्षणाची चळत माझ्यापुढे ठेवली गेली. सरांच्या भागापाशी मी अडखळलो. मला ठाऊक नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण मी अंदाज बांधला. सकाळी बारकूने प्रेस तपासायला बटण दाबलं होतं. तेव्हाचा शिळा पत्ता चळतीत पडून होता, तोच मी उचलला. प्रेस बटणाने खाली आली, असं मी पडद्यावर दाखवलं.

"म्या बटन दाबलंच नाय, मॅडम. हात आत आसताना दाबीन का म्या?" बारकू इंजिनिअर उत्तराला कळवळून सांगत होता.

"मशीन खोटं बोलतं का?" कारखान्याचे साहेब म्हणाले. बारकूची नोकरी गेली.

उत्तराला ते डाचत राहिलं. दिवाळीनंतर तिने मला बाजूला सारून चळतीतला एकेक आकडा स्वतः वाचला. खरा पत्ता सापडला: सेन्सरच्या चुकीच्या इशाऱ्याने प्रेस खाली आली होती. बारकूची चूक नव्हती, असं कारखान्याचं पत्र घेऊन ती पेठला गेली. बारकू महिन्यापूर्वीच तापाने गेला होता.

परत आल्यावर माझ्यासमोर बसून तिने त्या दोन ओळी लिहिल्या. लिहिता लिहिता शेजारच्या महेशला म्हणाली, "त्याची बायको, नवसाबाई, पत्र हातातच घेईना रे."

मित्रांनो, आज चालतंय म्हणून मागून येणाऱ्यासाठी लिहायच्या ओळी गाळू नका. आणि माझं ऐकण्याआधी माणसाचं ऐका. नवसाबाई उत्तराला एवढंच म्हणाली होती, "मरस्तोवर सांगत व्हते, म्या दाबलं नाय. म्याच म्हनायची, मशीन कशाला खोटं बोलंल?"