आठवर ठेवलेला रिमोट

ड्रोनसाठी स्वस्त रिमोट घ्यायचा की महागडा, या एका प्रश्नावर कवळीवाल्यांनी तीन आठवडे घालवले होते आणि घरच्यांचे कान किटवले होते. जेवताना रिमोट, झोपताना रिमोट. शेवटी बायको म्हणाली, "अहो, लग्नाला होकार देताना तरी एवढा विचार केला होतात का?"

"तेव्हा दोन नमुने समोर नव्हते," ते म्हणाले. ती हसली नाही. तिला हसायचाही कंटाळा आला होता.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या करणारे. चौतीस वर्षं हेच काम. दातांचे डॉक्टर दर सोमवारी पेशंटच्या तोंडाचे साचे पेटीतून पाठवायचे, आणि हे घरामागच्या खोलीत बसून त्यावर हिरड्या चढवायचे, दात लावायचे, घासून गुळगुळीत करायचे. काम असं, की केसभर चूक झाली तरी माणसाची जीभ ती हुडकून काढणार. जिभेइतकी चोंबडी चीज जगात दुसरी नाही, असं ते कुणालाही ऐकवायचे.

ड्रोन मुलीने पाठवला होता, बाबांनी जरा खोलीबाहेर पडावं म्हणून. बाबा पडले. दर रविवारी सकाळी मेहुण्याला घेऊन मोकळ्या मैदानावर जायचे आणि तासभर मान वर करून उभे राहायचे. सुरुवातीला मजा होती. पण गेल्या चार महिन्यांत ड्रोनला काय झालं कोण जाणे, तो हवेत डुगडुगायला लागला. दोनदा गोलपोस्टवर आदळला. कवळीवाल्यांनी निकाल दिला की रिमोट खराब आहे. ड्रोनबरोबर फुकट आलेला रिमोट, तो कसला असणार. बोटं घसरतात म्हणून त्यांनी त्याच्या अंगठ्याने हलवायच्या दांड्यांना कवळीच्या हिरड्यांच्याच गुलाबी मसाल्याची टोपणं करून बसवली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, हिरड्या झाल्या, आता दातही लावून टाका."

गंमत अशी, की हाच रिमोट मेहुण्याच्या हातात गेला की ड्रोन शहाण्यासारखा सरळ जायचा. त्यावरही कवळीवाल्यांकडे उत्तर तयार होतं. "तू उडवतोस कुठे? नुसता धरून उभा राहतोस." मेहुणा रिमोट परत त्यांच्या हातात द्यायचा. बहिणीच्या नवऱ्याशी कोण वाद घालणार? नवा घ्यायचाच तर स्वस्तातला घ्या, एवढंच तो म्हणाला. पण कामाच्या खोलीत एक साधी कानसही हलक्या प्रतीची न ठेवणारा माणूस, तो कसला ऐकतोय.

शनिवारी दुपारी ते बायकोला घेऊन दुकानात गेले. आठवड्याचं काम उरकून आले होते, खांदे भरून आले होते, चेहरा उतरलेला. बायको आली ती दुकानात बसायला खुर्ची असते म्हणून. दुकान एका बाईचं होतं, तिशीची, स्वतः स्पर्धांमध्ये ड्रोन उडवणारी, बोलायला रोखठोक.

"काका, आज तरी घेणार ना? की परत नुसतं हाताळून जाणार?"

"आज घेणार. पण आधी दोन्ही जोडून दाखव."

तिने रिमोट संगणकाला जोडला. पडद्यावर एक चौकोन आला, त्यात एक ठिपका. दांडी हलवली की ठिपका हलतो, एवढंच. आधी स्वस्तातला. कवळीवाल्यांनी उजवा अंगठा दांडीवर टेकवला. ठिपका जागच्या जागी. मग महागडा, तिप्पट किमतीचा. त्यात म्हणे आत काहीच घासत नाही, सगळं लोहचुंबकावर चालतं. त्यांनी अंगठा टेकवला, आणि ठिपका थरथरायला लागला.

कवळीवाल्यांना जरा बरंच वाटलं. इतके दिवस दुकानदारीण या रिमोटचे गोडवे गात होती.

"हे बघ. तिप्पट पैसे मोजायचे ते याच्यासाठी? स्वस्तातला बघ कसा निमूट होता."

"त्याची बारीक हालचाल कंपनीनेच बंद केलेली असते, काका. तुमच्या जुन्यासारखा हाही सगळं पकडतो." तिने रिमोट आपल्या हातात घेतला. ठिपका मेखेसारखा उभा राहिला. तिने भुवया उंचावल्या आणि रिमोट परत दिला. ठिपका थरथरला.

मग कवळीवाल्यांनी एक वेडेपणा केला. रिमोट बायकोपुढे धरला. "तू धर बघू." तिने जन्मात असलं काही हातात घेतलं नव्हतं. खुर्चीतून न उठता तिने दांडीवर अंगठा ठेवला. ठिपका हलला नाही. तिने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

ते काउंटरला टेकून उभे राहिले. चार महिने ज्याला शिव्या घातल्या तो रिमोट बिचारा इमानदार होता.

दुकानदारीण आवाज खाली आणून म्हणाली, "काका, खूप जणांना असतं. यात सोय आहे. एवढ्या हालचालीकडे लक्ष देऊ नकोस, असं रिमोटला सांगता येतं." तिने एक आकडा लावला. दोन. ठिपका हलत होता. चार. सहा. आठवर तो थांबला.

"आठ," ती म्हणाली.

"डाव्याचं बघ," बायको म्हणाली. डावा अंगठा तीनवर थांबला. कवळीवाले सगळं काम उजव्या हाताने करायचे.

"तुला माहीत होतं," ते बायकोला म्हणाले.

"मी चहा अर्धा कप द्यायला लागले, तेव्हापासून. दोनदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवून येऊ. तुम्ही म्हणालात, कप वाकडा आहे."

म्हणाले होते खरे. त्यांना राग आला, पण धरायचा कुणावर, ते कळेना. ते मनाशी हिशेब मांडायला लागले. हात बिघडला असता तर काम बिघडलं असतं. काम बिघडलं असतं तर कवळ्या परत आल्या असत्या. सहा महिन्यांत एकही पेटी परत आली नव्हती. एकही नाही. या एका गोष्टीला त्यांनी घट्ट धरलं. नसेल काही, थकवा असेल, ड्रोनपुरतंच असेल.

"महागडाच दे," ते म्हणाले. "आठवर ठेवून दे. ड्रोनला आठ चालतील."

दुकानदारीण रिमोट खोक्यात घालत होती तेवढ्यात ते बाहेर पायरीवर आले. तोंडात आठ चालत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. चौतीस वर्षांची ओळख, जवळपास सगळं काम याच डॉक्टरांचं.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं. खरं सांगा. माझ्या कवळ्या कशा बसतायत?"

"बसतात की. मी इथे थोडं घासून घेतो."

"थोडं म्हणजे?"

"अहो, जाऊ द्या."

"किती दिवस चाललंय?"

"झाले सहा-सात महिने."

कवळीवाले पायरीवर बसले. "सगळ्याच?"

"बऱ्याचशा, उजव्या बाजूला," डॉक्टर म्हणाले. "तसं काही नाही हो. मी नवा होतो तेव्हा काय एकेक वाकडे साचे पाठवायचो. तुम्ही मूग गिळून सरळ करून दिलेत. कधी एक शब्द बोललात का? मग मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो?"

त्यांना रडू आवरेना. भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, एवढ्या मोठ्या माणसाला. फोन त्यांनी तोंडापासून लांब धरला. बायको खोकं घेऊन बाहेर आली आणि शेजारी बसली.

"डॉक्टर," शेवटी ते म्हणाले, "सोमवारची पेटी पाठवू नका."

हे बोलून ते थांबले. कानाला फोन घट्ट लावून थांबले. आता डॉक्टर म्हणतील, काय वेड्यासारखं बोलताय, पेटी येणारच, तुमच्याशिवाय कोण आहे मला. चौतीस वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता.

"बरं," डॉक्टर हळूच म्हणाले.

मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.