तळाचा आकडा

मामाने तिचं नाव आकडेबाई ठेवलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि दिवसभर धक्क्यावरच्या होड्या मोजत बसायची. आईवडील गेल्यावर मामा-मामीनेच तिला वाढवलं, शिकवलं. पुढे ती सागरी संशोधन केंद्रात लागली आणि पहिलं मोठं काम हाती आलं ते घरासमोरच्या खाडीचंच.

शेतांतलं खत आणि शहराचं सांडपाणी नदीवाटे खाडीत उतरत होतं. त्यावर शेवाळ माजायचं, मरून तळाशी बसायचं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन फस्त करायचं. किती खत आलं तर तळाला ऑक्सिजन किती उरेल, हे सांगणारं मॉडेल तिला कॉम्प्युटरवर बांधायचं होतं. ते पडताळायला दर आठवड्याची खरी मोजमापं हवीत. मामाकडे होडी होती, आणि माणूस घरचा. तिने ऑक्सिजन मोजणारा मीटर त्याच्या हाती दिला.

"केबल तळापर्यंत सोडायची, चौदा मीटर. आकडा स्थिरावला की वहीत लिहायचा."

"चाळीस वर्षं जाळी टाकतोय मी. आता तू मला दोरी सोडायला शिकव," मामा हसला.

मॉडेल म्हणत होतं, उन्हाळा सरताना तळाचा ऑक्सिजन लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या खाली जाईल, म्हणजे मासे गुदमरतील. वहीत मात्र पाच, साडेपाच.

"दोघांतलं कोण चुकतंय?" केंद्रातल्या साहेबांनी विचारलं.

"वही चुकणार नाही. मामा आहे माझा."

शेवाळ कुजण्याचा वेग तिने मॉडेलमध्ये कमी कमी करत नेला. शेवटी रेघ वहीतल्या आकड्यांवर नेमकी बसली. अहवाल गेला : खाडी सुरक्षित आहे. त्यावर विसंबून मच्छीमार संस्थेने खाडीतल्या नव्या पिंजऱ्यांत माशांची लाखभर पिल्लं सोडली.

तिसऱ्या आठवड्यात खेकडे पाण्याबाहेर चढू लागले. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यांत सगळीकडे पांढरी पोटं वर आलेली.

"तूच लिहिलं होतंस ना?" संस्थेच्या अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं. तिला मान वर करवेना.

केंद्रात येऊन तिने मीटरची मेमरी उघडली. मीटर प्रत्येक वेळी खोलीही नोंदवून ठेवतो, हे मामाला सांगायची कधी गरजच पडली नव्हती. पहिले दहा आठवडे चौदा मीटर. अकराव्या आठवड्यात तळाला ऑक्सिजन एक पूर्णांक नऊ. त्याच सकाळी, वीस मिनिटांनी, पुन्हा मोजलेलं : दीड मीटर खोलीवर पाच पूर्णांक चार. वहीत पाच पूर्णांक चार होता. तिथून पुढे केबल तळाला गेलीच नव्हती.

मामा मागच्या पायरीवर जाळं सांधत बसला होता. तिने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही.

"दोनच्या खाली गेला की मासेमारी बंद करतील, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणून मला फसवलंस?"

"तुला कुठे? त्या मशीनला. पाणी दरवर्षीच हिरवं होतं. वाटलं, निभावून जाईल."

"माझं गणित बरोबर होतं, मामा. तुझ्यावर विश्वास ठेवून मी ते माझ्या हाताने मोडलं."

मामीने आतला नळ बंद केला. ती मामीकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"एवढा हंगाम निघू दे, म्हणाले," मामी ओट्याकडे बघत म्हणाली.

तिने कागदाची घडी घातली आणि ती केंद्राकडे निघाली.

दुसरा अहवाल तिने चार दिवसांत लिहिला. मेमरीतले सगळे आकडे जोडले आणि आपली चूक पहिल्याच पानावर मांडली.

"माझं नाव घालणार?" मामाने फोनवर विचारलं.

"मोजणाऱ्याचं नाव घालावंच लागतं."

त्याने फोन ठेवला. खाडी दोन वर्षांसाठी बंद झाली. मच्छीमार संस्थेने मामाचं सभासदत्व काढून घेतलं आणि तिने केंद्राजवळ एक खोली भाड्याने घेतली. मामी कधीमधी डबा पाठवते. ती तो धुऊन, रिकामाच परत पाठवते.

आता मोजायला ती स्वतः जाते, दुसऱ्याच्या होडीतून. होडीवाला सज्जन माणूस आहे. केबल ओढून तिचे हात सोलवटलेले बघून परवा म्हणाला, "ताई, द्या, मी सोडतो. तुम्ही फक्त लिहा."

"नको," ती म्हणाली, आणि केबल तळाला टेकेपर्यंत सोडत राहिली.